मागं राहिलेले दगड

माळेगावच्या जत्रेला निघायचं म्हटलं की आमच्या घरी दोन दिवस आधीपासून गाडीची तयारी चालायची. आमचं गाव अहमदपूर आणि लोहा यांच्या मधल्या पट्ट्यातलं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावात खंडोबाची देवस्वारी निघते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो, तमाशाचे फड लागतात. आम्हा पोरांचं वर्ष त्या जत्रेवर मोजलं जायचं. दादा, म्हणजे माझे वडील, आखाला वंगण द्यायचे, कुण्या ठोकून बघायचे, जुन्या सापत्या बदलायचे. गाडीत सामान मात्र ते दुसऱ्या कुणाला भरू द्यायचे नाहीत. पिठाचं पोतं इथं, कडब्याच्या पेंढ्या तिथं, आजी पुढं, पोरं मधी. मागच्या साट्यांवर कुणी बसायचं नाही, ही सक्त ताकीद.

एका वर्षी मी आणि चुलत्याची दोन पोरं चढावर हळूच मागं सरकलो आणि पाय खाली सोडून बसलो. लई मजा वाटत होती. तेवढ्यात गाडी उलार झाली. ज्यांनी बैलगाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन चाकांच्या गाडीत आखाच्या मागं जास्त वजन गेलं की पुढचा धुरा वर उचलला जातो. धुऱ्याबरोबर जू वर जातं आणि गळ्यातली सापती बैलाच्या नरड्याला आवळते. आमच्या डाव्या अंगाच्या बैलानं जीभ बाहेर काढली, डोळे पांढरे केले. दादांनी उडी मारून जू दाबून धरलं आणि आम्हाला खाली उतरवलं. मला एक कानाखाली बसली.

"तुला मागं बसून गंमत वाटलालीय, पन तिकडं त्याच्या नरड्याला फास बसलाय. तुला दिसंना म्हून काय त्याला लागंना व्हय?" असं दादा म्हणाले.

रात्री त्यांनी गाडीच्या बुडाखाली, मागच्या अंगाला, कंदील बांधला. मी विचारलं, "दादा, ह्याचा उजेड आपल्याला तर पडंना. मग कशाला घासलेट जाळायचं?" ते म्हणाले, "आपल्यासाठी न्हाई बाळा तो. मागून येणाराला हाय."

तेव्हा ते ऐकून सोडून दिलं. मला ते कळायला पुढं लई वर्षं गेली, आणि एका माणसाचा पाय गेला.

मी 1977 ला दहावी झालो. पुढं शिकायची ऐपत नव्हती, शेतीत आलो. 1990 च्या सुमाराला बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. तेव्हा गावात तो तिसरा ट्रॅक्टर. कोरडवाहू रानात ट्रॅक्टरला वर्षभर काम नसतं आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही. म्हणून हंगामात मी ऊस वाहतुकीला लागलो. आधी एक ट्रॉली होती, मग दोन झाल्या.

शहरातल्या लोकांनी उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर बघितल्या असतील. रात्रीच्या वेळी त्यांच्या मागं अडकून शिव्याही दिल्या असतील. त्या शिव्यांत चूक नाही. पण ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला काय दिसतं तेही सांगितलं पाहिजे. त्याला पुढचा रस्ता दिसतो आणि कारखान्याची लाईन दिसते. मागं त्याला फक्त ऊस दिसतो. पैसे टनावर मिळतात, खेपेवर मिळत नाहीत. त्यामुळं मोळीवर मोळी चढते. ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी हात-दीड हात ऊस लोंबत असतो. मागच्या ट्रॉलीचा लाल कागद, ज्याला आपण रेडियम म्हणतो, तो वाढ्यांखाली झाकून जातो. मागं दिवा असला तर त्याची वायर तुटलेली. आरसा असला तर त्यात स्वतःचं तोंड आणि उसाची भिंत. त्यात टेप मोठ्यानं लावलेला, म्हणजे मागच्याचा हॉर्न ऐकू येण्याचाही प्रश्न मिटला.

ओढण्याचं शास्त्र म्हणून काही असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. जे शिकलो ते आपटून शिकलो. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, डावा आणि उजवा. रानात वळताना ते वेगळे लागतात. रस्त्याला लागताना मधली कडी टाकून दोन्ही जोडून घ्यायचे असतात. नाहीतर घाईत एकावरच पाय पडतो आणि ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुतेक नसतोच. म्हणजे दहा-पंधरा टन ऊस थांबवायचा तो पुढच्या ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे मी बघितलेत, मीही तरणा असताना केलंय. तसं केलं की आपण ट्रॉलीला ओढत नसतो, ट्रॉली आपल्याला ढकलत असते. ज्या गियरमध्ये चढ चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, हे मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं. दोर किंवा साखळी अडकवायची ती खालच्या हुकालाच. वर बांधून जोर लावला की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलथा होतो.

हे सगळं मी हळूहळू शिकलो. ह्यातलं बरंचसं आपला जीव वाचवायचं आहे, म्हणून शिकायला अवघड जात नाही. मागच्याचा जीव वाचवायचं शिकायला वेळ लागतो, कारण तो आपल्याला दिसत नाही.

1998 चा जानेवारी महिना. थंडी कडाक्याची होती. रात्री साडेअकराच्या सुमाराला भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन मी मोठ्या रस्त्याला लागलो होतो. एका ओढ्याच्या पुढं चढ आहे. त्या चढावर मागून खाडकन आवाज झाला आणि ट्रॅक्टर एकदम हलका झाला. उतरून बघतो तर दोन ट्रॉल्यांच्या मधली पिन तुटलेली. साखळी मी लावली नव्हती. मागची ट्रॉली थोडी मागं घरंगळून कडेला, निम्मी डांबरावर निम्मी मातीवर, अडकून उभी होती. ओढ्यात गेली असती तर काय झालं असतं, नको तो विचार. माझ्याबरोबर टोळीतली दोन पोरं होती. आम्ही ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले. मग मला दादांचा कंदील आठवला की काय कोण जाणे. मी पोरांना म्हटलं, मागंही दगड लावा, येणाऱ्याला कळलं पाहिजे. ओढ्यातनं डोक्याएवढे सात-आठ दगड आणून आम्ही ट्रॉलीच्या मागं वीस-पंचवीस पावलांवर आडवे मांडले आणि त्यांत बाभळीची फांदी खोवली. रात्रभर मी तिथंच शेकोटी करून बसलो. येणाऱ्या प्रत्येक गाडीला बॅटरी दाखवली. म्हणजे मी बेफिकीर होतो असं कुणाला म्हणता येणार नाही.

पहाटे एक पोरगं जाऊन पिन घेऊन आलं. जोडाजोड करेपर्यंत उजाडलं. ऊस वाळत होता, लाईनीत नंबर मागं पडत होता. आम्ही ट्रॉली जोडली आणि निघालो. चाकांखालचे दगड काढले, कारण ते काढल्याशिवाय ट्रॉली हलत नव्हती. मागचे दगड मात्र तसेच राहिले.

ते दगड मला आठवलेच नाहीत असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता खरं लिहितो. दीड-दोन मैल गेल्यावर ते आठवले होते. मनात आलं, परत फिरायचं म्हणजे एवढं धूड कुठं वळवायचं. दिवस उगवलाय, दगड दिसतील की लोकांना. कुणीतरी काढील. आणि मी पुढं गेलो.

कुणी काढले नाहीत. दिवसभर लोक त्यांना चुकवून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे चार-साडेचारला शेजारच्या गावचा एक दूधवाला एम-80 वर दोन्ही बाजूंनी किटल्या बांधून निघाला होता. धुकं होतं. दगडावर गाडी चढली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, खुबा दुखावला. नांदेडला दवाखान्यात दोन महिने पडून होता. वय तीस-बत्तीस, घरात दोन लहान लेकरं.

मला ही बातमी आठवड्यानं चहाच्या टपरीवर कळली. सांगणारा म्हणाला, "कोन्या हरामखोरानं दगड टाकून ठिवले कोन जाने." मी चहा पिला, पैसे दिले आणि घरी आलो. बायकोला सुद्धा बोललो नाही.

इथून पुढची गोष्ट डोक्यातली आहे. आत माझा खटला चालू झाला, आणि आरोपी, वकील, न्यायाधीश तिन्ही मीच होतो. अशा खटल्यात आरोपी सुटतो हे वेगळं सांगायला नको.

पहिला युक्तिवाद असा की दगड मी कुणाला पाडायला मांडले नव्हते. उलट, वाचवायला मांडले होते. हेतू चांगला, मग पाप कसलं? दुसरा युक्तिवाद, सगळेच असं करतात. आजही नांदेड-लातूर रस्त्यानं जा. बंद पडलेल्या ट्रकच्या मागं दगड दिसतील, आणि ट्रक गेल्यावर नुसते दगडच दिसतील. तिसरा, दूधवाल्याच्या गाडीचा दिवा मंद असेल, त्याची घाई असेल, त्याचं लक्ष नसेल. चौथा सगळ्यांत गोड होता. दिवसभरात शंभर माणसं तिथून गेली, त्यांच्यापैकी कुणीही दगड काढू शकलं असतं. मग एकट्या माझाच दोष का?

या चारींतला एकही युक्तिवाद सपशेल खोटा नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकले. पण दगड ज्यानं मांडले त्याला त्यांची माहिती होती. बाकीच्या शंभर जणांसाठी ते वाटेतले दगड होते, माझ्यासाठी ते माझे दगड होते. हेतू चांगला होता तो रात्री बारा वाजताचा. सकाळी सात वाजता, दगड आठवूनही मी पुढं गेलो, तेव्हाचा हेतू चांगला नव्हता. चांगल्या कामाचा शेवट करायचा आपण कंटाळा करतो, आणि मग तेच काम दुसऱ्याच्या पायात येतं. गाडी रस्त्यात इतरांना धोका होईल अशी सोडू नये, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात लिहिलेलं आहे. गाडी निघून गेल्यावर मागं काय राहिलं, ते मात्र ज्याचं त्यालाच बघावं लागतं.

एकदा आमच्या गावात सप्ताह होता. मी कीर्तनकार महाराजांना कोपऱ्यात गाठून विचारलं, महाराज, न कळत पाप घडलं तर? ते म्हणाले, पश्चात्ताप झाला की ते धुतलं जातं. मला लई बरं वाटलं. रात्री झोप लागली. सकाळी उठलो आणि लक्षात आलं की मी महाराजांना प्रश्नच खोटा विचारला होता. न कळत म्हणालो होतो. आणि धुतलं गेलं ते माझं मन, त्याचा पाय तसाच होता. आपल्याकडं वाटेवरचा काटा काढणं पुण्याचं मानतात. गाडगेबाबा तर गावात पाऊल टाकलं की आधी खराट्यानं झाडायला लागत. काटा काढणाऱ्याला पुण्य असेल, तर टाकून जाणाऱ्याच्या खात्यात काय जमा होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तो दूधवाला मला बाजारात दिसायचा. लंगडत चालायचा. दुधाचा धंदा सुटला, पुढं त्यानं लहानसं किराणा दुकान टाकलं. मी मुद्दाम त्याच्या दुकानातून तेल, चहापत्ती घ्यायचो. मला वाटायचं मी काहीतरी फेडतोय. तो बिचारा मला चांगला गिऱ्हाईक समजायचा.

अशी सत्तावीस वर्षं गेली. मग 4 एप्रिल 2025 ला नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात बाया नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या त्या बाया, रानातल्या कामाला निघालेल्या. सात जणी गेल्या. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण सोयाबीनच्या खुरपणीला माझाच ट्रॅक्टर वीस-वीस बाया आणतो. ट्रॉली माल न्यायची आहे, माणसं न्यायची नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाईला रानात यायला दुसरं वाहन काय आहे? तिला दिवसाची मजुरी बुडवायची नाही, मला खुरपणी लांबवायची नाही, आणि टमटमला पैसे द्यायचे तर ते कुणाच्या खिशातून, यावर दोघंही बोलत नाही. ती मुकाट ट्रॉलीत चढते. मी ते तिनं स्वतः ठरवलंय असं धरून चालतो. ट्रॉलीच्या मागं बसलेल्या माणसाच्या हातात ना हँडल असतं ना ब्रेक. त्यानं आपला जीव पुढं बसणाऱ्याच्या हवाली केलेला असतो. मग तिच्या चढण्याला तिची मर्जी म्हणायचं का, हे मला अजून उलगडलेलं नाही. त्या खरिपापासून मी बायांसाठी टमटम लावतो. दिवसाला जास्तीचे पैसे जातात. सुरुवातीला मी त्यांच्या मजुरीतून थोडे कापायचा विचार केला होता, हेही लिहून ठेवतो. बायकोनं ऐकलं नाही म्हणून तेवढं झालं नाही.

त्याच दिवसांत नातू मोबाईलवर काहीतरी बघत होता. म्हणाला, "आबा, बगा, घर ओढलालेत." अमेरिकेतला व्हिडिओ होता. पिकअप गाडीच्या मागं चाकांवरचं अख्खं घर जोडलेलं. आत बिछाना, चूल, मोरी. माणसं सुट्टीत ते ओढत देश बघायला जातात. मला आमची माळेगावची गाडीच आठवली, कडबा आणि आजीसकट. तो माणूस जोडणी कशी करायची ते दाखवत होता. नातवानं मला समजावून सांगितलं. मागच्या गाडीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर आला पाहिजे. त्यासाठी जड सामान आखाच्या पुढच्या बाजूला भरायचं. मागं जास्त भरलं तर वेगात मागची गाडी शेपटीसारखी हलायला लागते आणि शेवटी पुढच्या गाडीला घेऊनच आडवी होते. मी म्हटलं, "अरे, हे तर दादांनी मला कानाखाली मारून शिकवलं होतं. उलार होऊ द्यायची न्हाई."

पण त्यात एक गोष्ट दादांनाही माहीत नव्हती. हूक जोडल्यावर तो माणूस दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या घालून लावतो, म्हणजे हूक निसटला तर पुढचा दांडा जमिनीवर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडतो. आणि आणखी एक बारीक तार पुढच्या गाडीला अडकवतो. सगळं तुटून मागची गाडी सुटलीच, तर ती तार खेचली जाते आणि मागच्या गाडीचे स्वतःचे ब्रेक आपोआप लागतात. आगगाडीचंही असंच असतं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, तेव्हा सगळं लातूर पाण्याकडं बघत होतं. रेल्वेत नोकरीला असलेल्या एका पाहुण्यानं मला तेव्हा सांगितलं होतं की डबे मधूनच तुटले तर हवेचा पाइप तुटतो, आणि हवा गेली की ब्रेक लागतात. ब्रेक सुटा ठेवायला पाइपात हवेचा दाब लागतो.

मी त्यावर लई विचार केला. ज्यानं ही युक्ती काढली त्यानं आधीच कबूल केलंय की कधीतरी पिन तुटणार. माझ्याच गाडीची तुटणार. आणि तुटल्यावर मी चांगला वागेन, परत फिरून येईन, यावर तो भरवसा ठेवत नाही. आम्ही पिन तुटणार नाही असं धरून निघतो. तुटली की नशिबाला दोष देतो. पिन तुटणं नशीब असेल, पण साखळी न लावणं नशीब नाही.

मी दूधवाल्याकडं जायचं ठरवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, सत्तावीस वर्षं झाली. आता कशाला उकरून काढलालाव? त्याला ठाऊक न्हाई, गावाला ठाऊक न्हाई." मी त्याला म्हटलं, मला ठाऊक आहे ना. सोयाबीनचे थोडे पैसे घरात होते. पन्नास हजार रुपये पिशवीत घालून गेलो.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं स्टूल पुढं केलं. मी सगळं सांगितलं. दीड मैलावर आठवलं होतं, तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आण्णा, तवाच आला असतास तर दवाखान्याला हातभार झाला असता. माझी म्हैस इकावी लागली नसती. थोरल्या पोरीची शाळा सुटली नसती. आता पोरगी सासरी गेली, तिला दोन लेकरं हायेत. आता सांगून तुझ्या जिवाला बरं वाटंल. मला काय हुईल?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी पिशवी पुढं ठेवली. तो म्हणाला, दवाखान्याला बावीस हजार गेले होते, म्हैस नऊ हजाराला गेली. त्यानं एकतीस हजार मोजून घेतले, दोनदा मोजले, आणि एकोणीस हजार पिशवीत घालून परत दिले. मी म्हटलं, ठेव की, तेव्हाच्या पैशाला आता किंमत किती. तो म्हणाला, "जास्तीचं घेतलं तर आपला येव्हार मिटला असं हुईल. तो मिटत न्हाई."

मी परत आलो. त्यानं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मीही त्याला तसं म्हणायला लावलं नाही. जाताना मला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. थोडं वाटलंही. पण ते हलकेपण त्याच्या दुकानात काहीतरी टाकून आल्याचं होतं. उशिरा केलेली कबुली हीसुद्धा मागं ठेवलेल्या दगडासारखी असते. आपण पुढं निघून जातो, आणि ती ज्याच्या वाटेत पडली त्याला ठेच लागते. तरी सांगायलाच नको होतं का? तसंही मला वाटत नाही. सांगायचं तर त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं, टपरीवरचा चहा संपायच्या आत. तेव्हा सांगण्याला किंमत पडली असती, पण त्याचा त्याला उपयोग होता. सत्तावीस वर्षांनी सांगितलं तेव्हा मला स्वस्त पडलं, आणि त्याच्या उपयोगाचं उरलं नव्हतं. खरं बोलण्याचीही एक वेळ असते. ती गेली की खरं खरंच राहतं, पण त्याचा पुरता माल होत नाही.

आता माझ्या हातात ट्रॅक्टर नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास गावातले ट्रॉलीवाले हंगामाला निघायच्या तयारीला लागतात, तेव्हा मी जाऊन बसतो. पोरं म्हणतात, आण्णा आले, आता भाषण करतील. मी भाषण करत नाही. पिनीला मागून खिळ घातली का बघतो. साखळी आहे का विचारतो. रेडियमची पट्टी मागच्या फळीवर खाली लावली असेल तर उसाखाली झाकून जाईल म्हणून बाजूच्या खांबांवर लावायला सांगतो. भार चाकाच्या थोडा पुढं ठेवा म्हणतो. सगळं भरून झाल्यावर खाली उतरा, पन्नास पावलं मागं चालत जा आणि आपल्या ट्रॉलीकडं वळून बघा, एवढं एक आवर्जून सांगतो. अंधारात मागून येणाऱ्याला तुम्ही कसे दिसता, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दहातली चार पोरं जातात. बाकीची हसतात. मीही त्यांच्या वयात हसलोच असतो.

बाजारच्या दिवशी दूधवाला कधी समोर आला तर मी राम राम घालतो. कधी तो घेतो, कधी दुसरीकडं बघून जातो. तेल आणि चहापत्ती मी अजून त्याच्याकडूनच आणतो. आता तो मला उधार देत नाही.